थोरल्या काकांना, गाडीवरच्या पाटीविषयी

तीर्थरूप थोरल्या काकांना,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकून केला आहे. उपकेंद्राच्या या खोलीत टेबल आणि कपाट यांच्यात एवढीच जागा आहे की नमस्कार अर्धाच झाला. उरलेला समोर आल्यावर करीन.) तुमचा गुडघा कसा आहे? डाव्या कानात जो आवाज येत होता तो थांबला का? इकडे आई-बाबा ठीक आहेत. मीही ठीक आहे, म्हणजे मी जशी नेहमी असते तशी आहे, आणि ते तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमचं पत्र मिळालं. ते मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, मग बसून, मग आईला वाचून दाखवताना, आणि चौथ्यांदा एकेका मुद्द्यापुढे पेन्सिलीने खूण करत. पत्राला उत्तर देताना एकही मुद्दा सुटता कामा नये, हे तुम्हीच शिकवलेलं. तुम्ही लिहिता की या महिन्याच्या अखेरीस मी राजीनामा द्यावा, गाडीवरची पाटी आजच्या आज उतरवावी, आणि घराण्याचं नाव चौकात टांगू नये. याचं उत्तर शेवटी द्यायचं असं ठरवून मी तीन मसुदे केले. पण शेवटापर्यंत पोहोचेतो माझाच धीर सुटतो, म्हणून आताच देते. नाही, काका. राजीनामा देणार नाही आणि पाटीही उतरणार नाही. (हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून पाणी पिऊन आले.)

आता हे कसं झालं ते सविस्तर सांगते, कारण चौकातल्या लोकांनी तुम्हाला जे सांगितलं त्यात गाडीचा रंग सोडून काहीच खरं नाही.

माझं काम तुम्हाला वाटतं तसं ‘वेड्यांना हाकत नेण्याचं’ नाही. आपल्या या सतरा गावांत मनाचा डॉक्टर नाही. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी एक डॉक्टरीणबाई तालुक्याच्या दवाखान्यात येतात, दहा ते दोन. त्यांच्यापर्यंत माणूस पोहोचवायचा, खिडकीवर कागद काढून द्यायचा, आत पाठवायचा, गोळ्या कधी घ्यायच्या ते घरच्यांना तीनदा सांगायचं, आणि पुढच्या गुरुवारी तोच माणूस पुन्हा न्यायचा. बस. हे काम मी कुठल्या शाळेत शिकले नाही, काका. आपल्या घरात शिकले. कोणीही आजारी पडलं की तुम्ही मलाच बरोबर न्यायचात, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मी इतकी घाबरट होते की कागद हरवणं शक्यच नव्हतं. सहाव्या वर्षापासून मी दवाखान्यांच्या रांगेत उभी आहे. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत घे; खिडकीवरच्या माणसाला आधी नमस्कार कर आणि मग काम सांग; आणि खिडकीवर कोणी ‘नाही’ म्हणालं तर ते उत्तर समजू नकोस, ‘लेखी द्या’ म्हण. हे सगळं तुमचं. तेव्हा या प्रकरणात गुन्हेगार शोधायचा झाला तर फार लांब जावं लागणार नाही.

सुरुवातीला माझ्या गाडीत कोणी बसेना. घरोघर जायचे, तर लोक मला पाणी द्यायचे, बसायला द्यायचे, आणि शेजारच्या घराकडे बोट दाखवायचे. सगळी अडचण शेजारीच होती. सतरा गावांत मिळून आजारी माणूस एकही नव्हता, पण प्रत्येकाच्या शेजारी एक होता. अशात लोहाराची बायको माझ्याकडे आली. तिने नवऱ्याला बरं नाही असं म्हटलंच नाही. ती म्हणाली, “ताई, हे भांडत नाहीत हो आता. परवा मी मुद्दाम जेवण करपवलं. गपचूप खाल्लं आणि ताट धुऊन ठेवलं.” एवढं बोलून ती रडायला लागली. दोन महिने भट्टी पेटली नव्हती. लोहार भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. पण दवाखान्यात न्यायचं म्हटल्यावर तीच घाबरली. लोक काय म्हणतील?

तर काका, इथे माझ्या हातून चूक झाली, आणि ती मी कबूल करते. तालुक्याच्या त्या दवाखान्यात एक बोळ आहे. बोळात एकच बाक. डावीकडचं दार डोळ्यांच्या डॉक्टरांचं, उजवीकडचं मनाच्या डॉक्टरीणबाईंचं. मी तिला म्हटलं, डोळे तपासायला जातोय असं सांगू. ती लगेच तयार झाली. (मला आयुष्यात पहिल्यांदा एखादी युक्ती सुचली होती, आणि तीही खोटी. त्या दिवशी मला ताप आला.)

ही बातमी जिला कळायला हवी होती तिला कळली, आणि तिने जिला सांगायला हवं होतं तिला सांगितलं. पुढच्या गुरुवारी सात माणसं गाडीशी उभी. सगळी ‘डोळ्यांना’. पण अडचण अशी की आपल्या भागात लोकांना खरोखरचे डोळेही आहेत. फुकट गाडी डोळ्यांच्या दवाखान्यात जाते म्हटल्यावर मोतीबिंदूवालेही आले. आता सातांतले चार कोण आणि तीन कोण, हे मला माहीत. पण ते एकमेकांना माहीत नाही, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला दाखवायला डोळे चोळतोय. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत सात माणसं डोळे चोळत होती. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि त्याचेही डोळे चुरचुरायला लागले.

बाकावर बसल्यावर मी हळूच एकेकाला उजव्या दारात सरकवायचं, असा बेत होता. पण मी घाबरले की मला डावं-उजवं कळत नाही, हे तुम्ही जाणता. लोहार डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी विचारलं, दिसतं का? लोहार म्हणाला, “दिसतं. पण बघावंसं वाटत नाही.” डॉक्टरांनी चष्मा लिहून दिला. आणि कोंबड्यावाल्या आजी, ज्यांना खराखुरा मोतीबिंदू आहे, त्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि चाळीस मिनिटं बाहेर आल्या नाहीत. मी दाराशी उभी राहून घामाघूम. बाहेर आल्या त्या तोंड उजळून. म्हणाल्या, “अगं, इतक्या वर्षांत पहिली डॉक्टर भेटली जिने जीभ दाखवा म्हटलं नाही, बोला म्हटलं!” कोंबड्यांपासून सुरुवात करून त्या सुनेपर्यंत आणि सुनेपासून वीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. मोतीबिंदूचं नाव काढू देत नाहीत. डोळा राहू दे म्हणतात, आधी हे बोलून संपू दे.

लोहाराला मी दुसऱ्या फेरीत योग्य दारात घातलं. पाचव्या आठवड्यात त्याच्या बायकोने मला रस्त्यात गाठलं आणि आनंदाने सांगितलं की काल त्याने आमटीत मीठ जास्त म्हणून तिला दोन शब्द सुनावले आणि तिनेही चार सुनावले. सातव्या आठवड्यात भट्टी पेटली. तो आवाज मी उपकेंद्रात ऐकला, काका, आणि खुर्चीवरून उठून खिडकीशी गेले. मला वाटतं मी त्या दिवशी जेवलेच नाही. (तो चष्मा तो अजून घालतो. डॉक्टरांनी दिलेली वस्तू टाकायची कशी, म्हणतो. ऐरणीजवळ कपाळावर चढवून ठेवतो.)

इथवर सगळं छान चाललं होतं आणि माझं मन मला खात होतं. खोटं ते खोटं. पण खोट्याची शिक्षा माझ्या मनापेक्षा सरकारी कागदाने लवकर दिली. त्या दवाखान्याची खिडकी एकच आहे आणि त्या खिडकीवरच्या कारकुनाचा आवाज असा आहे की तो ‘नाव? कोणता विभाग?’ असं विचारतो तेव्हा बाहेरच्या झाडावरचे पक्षी उडतात. त्याच्यासमोर ‘मनाचा विभाग’ असं कोण बोलणार? म्हणून मीच सगळ्यांना पढवलं होतं: खिडकीवर डोळे सांगा, आणि आत उजवीकडे वळा. सात महिन्यांत मी चौतीस माणसं नेली. चौतीसच्या चौतीस डोळ्यांच्या वहीत गेली. मनाच्या वहीत सात महिन्यांत नोंद एक. आणि तो एकही माणूस एक्स-रे कुठे काढतात हे विचारायला आला होता.

तेव्हा वरून पत्र आलं. तीन ओळींचं. या भागात मनोविकारांचे रुग्ण नाहीत असं नोंदींवरून दिसतं, ही समाधानाची बाब आहे, सबब पुढच्या महिन्यापासून गुरुवारची सेवा बंद करण्यात येत आहे. समाधानाची बाब! डॉक्टरीणबाईंचं येणं बंद झालं तर पुढचा डॉक्टर सहा तासांवर आहे. लोहार एकदा जाईल, दोनदा जाईल, तिसऱ्यांदा पुन्हा भिंतीकडे तोंड करील. आणि हे सगळं माझ्या एका हुशारीमुळे.

मी रडले नाही. (थोडी रडले.) मग तुमची आठवण झाली. मी गाडी नसलेल्या दिवशी दोन गाड्या बदलून, जिथून ते पत्र आलं त्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या साहेबांना आधी नमस्कार केला, मग काम सांगितलं. ते म्हणाले, आता काही होणार नाही. मी म्हटलं, लेखी द्या. ते म्हणाले, लेखी कसलं, नियम आहे. मी म्हटलं, मग नियमाची प्रत द्या. काका, बोलत मी होते, पण आवाज तुमचा होता. ‘प्रत द्या’ म्हणताना मी तुमच्यासारखी मान एका बाजूला केली होती. त्यांनी वैतागून प्रत दिली, आणि तिच्या मागच्या बाजूला, जी बाजू कोणी वाचत नाही आणि जी वाचायला तुम्ही मला सहाव्या वर्षी शिकवलंत, त्या बाजूला लिहिलं होतं की स्थानिक लोकांनी उघडपणे मागणी केल्यास सेवा चालू ठेवता येईल.

उघडपणे. हा शब्द मी बरेच दिवस पाहत राहिले. आणि मग पाटी केली. आधी पट्टीने रेघा मारल्या, मग पेन्सिलीने अक्षरं, मग रंग. ‘मनाच्या दवाखान्याची गाडी. दुसरा व चौथा गुरुवार. सकाळी आठ.’ अक्षर चांगलं आलं आहे, हे निदान तुम्ही मान्य कराल. तुमच्या पत्रात मजकुरावर टीका आहे, अक्षरावर नाही; मी ते लक्षात ठेवलं आहे.

पाटी लावल्यावरचा पहिला गुरुवार. आठ वाजले, कोणी नाही. सव्वाआठ, कोणी नाही. ड्रायव्हर स्वतःच्याच गाडीपासून पन्नास पावलांवर जाऊन, तोंडाला रुमाल बांधून, जणू दुसऱ्याच कुठल्या गाडीची वाट पाहत उभा. साडेआठला कोंबड्यावाल्या आजी आल्या, पाटीला हात लावून विचारलं यावर काय लिहिलंय, मी सांगितलं, तर म्हणाल्या, मग बरोबर आहे, मला तिथेच जायचंय. पण त्यांना मोतीबिंदू असल्यामुळे याला धैर्य म्हणायचं की नाही, हे मला ठरवता येईना. चावडीपाशी मंडळी जमली. हसत होती. कोणीतरी ओरडलं, “ताई, तिकीट एकेरी की परतीचं?” मी पाटीकडे पाठ करून उभी होते आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की पाटी जरा लहान केली असती तर.

तेवढ्यात लोहार आला. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, कपाळावर चष्मा. आला तो थेट पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, जिथून सगळ्या गावाला दिसेल तिथे बसला. दार लावलं. मग काच खाली करून त्या ओरडणाऱ्याला म्हणाला, “परतीचं रे! मी दर खेपेला परत आलोय. तुझ्या विळीला धार कुठल्या वेड्याने लावून दिली, विचार घरी!” आणि ड्रायव्हरला हाक मारली, “चल ये, उशीर होतोय.” काका, हसणारे थांबले असं मी म्हणणार नाही. हसलेच. पण कशाला हसतोय हे त्यांना आता नक्की ठाऊक नव्हतं. मग एक बाई आली. मग दोघं बापलेक. गाडी निघाली तेव्हा सहा जण होते आणि कोणीही डोळे चोळत नव्हतं. खिडकीवर कारकुनाने कोणता विभाग असं ओरडून विचारलं तेव्हा लोहाराने त्याच्यापेक्षा मोठ्याने उत्तर दिलं. भात्याजवळ आयुष्य गेलेल्या माणसाचा आवाज आहे तो. कारकून आता हळू विचारतो.

येताना गाडी नेमकी तुमच्या चौकात, चहावाल्यासमोर, तुमच्या बैठकीच्या वेळेला बंद पडली. यात माझा काहीही हेतू नव्हता. इंजिनाचा फॅनबेल्ट तुटला. तो बदलेपर्यंत अर्धा तास पाटी तुमच्या मित्रमंडळींसमोर उभी राहिली, आणि त्यांनी तुम्हाला विचारलं की ही तुमचीच पुतणी ना. तुम्ही काय उत्तर दिलंत ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मी विचारतही नाही.

आता तुमचे मुद्दे. तुम्ही लिहिता, आपल्या घराण्यात असलं काही कधी नव्हतं. हे वाचून मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं, कारण पणजोबांचे धाकटे भाऊ अकरा वर्षं माळ्यावरून खाली उतरले नाहीत. त्याला आपण शांत स्वभाव म्हणतो. आत्या झोपण्याआधी दाराची कडी एकोणीस वेळा पाहतात. त्याला शिस्त म्हणतो. मला रस्ता ओलांडतानाही छातीत धडधडतं. त्याला चांगलं वळण म्हणतो. आपल्या घरात आजार नाहीत, काका, नुसते स्वभाव आहेत. स्वभावाला औषध नसतं म्हणून आपण ते नाव ठेवलं असावं, असं मला हल्ली वाटू लागलं आहे.

दुसरा मुद्दा, माझ्याशी लग्न कोण करील. मागच्या आठवड्यात जे लोक पाहायला आले आणि पाटीचं ऐकून उठून गेले, त्यांतल्या एका बाईंनी फाटकातून परत येऊन मला हळूच विचारलं की (वरचं वाक्य मी खोडलं आहे. अशी किती माणसं आली हे तुम्हाला माहीत असल्याने कोण ते ओळखता येईल. कृपया खोडलेलं वाचू नका.)

तिसरा मुद्दा, लोक काय म्हणतील. म्हणू देत. लोक सात महिने काहीच म्हणाले नाहीत, आणि त्या न म्हणण्यानेच डॉक्टरीणबाईंची खोली बंद व्हायची वेळ आली. मला भीती वाटत नाही असं नाही. मला पोस्टाच्या पेटीत पत्र टाकतानाही ते नीट पडलं का अशी भीती वाटते. पण भीती वाटत असूनही एखादं काम करता येतं, हे माझ्या आता ध्यानात आलं आहे, आणि एकदा ध्यानात आलेलं परत घालवता येत नाही.

तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. यावेळी गेले आहे. रागवा, पण गुडघ्याला शेक द्यायला विसरू नका.

तुमची आज्ञाधारक (एवढी एक बाब सोडून),
धाकटी

ता. क. सोबत एक छापील अर्ज जोडला आहे. सेवा चालू ठेवण्यासाठी दहा सह्या लागतात. पूर्ण नाव, पत्ता, आणि सहीपुढे दोन रकाने: ‘स्वतः उपचार घेतो/घेते’ आणि ‘घरातील व्यक्ती उपचार घेते’. सोमवारी चारच्या आत खिडकीवर द्यायचा आहे. नऊ झाल्या आहेत. लोहार, त्याची बायको, कोंबड्यावाल्या आजी (अंगठा नको म्हणाल्या, नाव लिहायला शिकल्या, दोन दिवस लागले), ड्रायव्हर (रुमाल काढून, भावासाठी), आणि आणखी काही. दहावी तुमची हवी. सबंध पत्र याच कारणासाठी लिहिलं, पण आधी विनंती केली असती तर वरचं काही लिहिण्याची हिंमत झाली नसती.

आणखी एक ता. क. तुम्ही सही करायला पात्र आहात का, असा प्रश्न तुम्ही काढाल, म्हणून सांगते. नववी सही काकूंची आहे. पहिल्या रकान्यात. हे मी माझ्या मनाने लिहीत नाही; माझी जीभ कापली तरी मी बोलले नसते. काकू आत्ता इथे माझ्यासमोरच्या बाकावर बसल्या आहेत, आणि हे पत्र त्याच घेऊन येणार आहेत. त्या सात महिने तुम्हाला सांगायचा प्रयत्न करत होत्या. प्रत्येक वेळी तुम्ही म्हणालात, घरात सगळं आहे, तुला काय कमी आहे. त्या म्हणतात, लिही, कमी काही नाही, जड झालं होतं, आता थोडं हलकं आहे. आणि असंही लिही म्हणतात की पत्र वाचून झालं की आधी जेवायला या, मग बोला.

शेवटचं. तुम्हाला दुसऱ्या रकान्यात सही करायची आहे. पहिल्या रकान्यातही एक जागा रिकामी आहे. हे काकूंनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिलं.